लेडली किंग ट्रेनिंगशिवाय खेळायचा कसा? आणि पोट्ट्यांना त्याचं उदाहरण द्यावं का?

रेशीमबाग_नंबर५

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, रेशीमबागेकडे १५ वर्षांखालच्या पोट्ट्यांना संध्याकाळी फुटबॉल शिकवतो, स्वतः सेंटर बॅक खेळलेलो आहो म्हणून डिफेन्सकडे जरा जास्तच लक्ष असते माझं. परवा प्रॅक्टिस झाल्यावर पोट्टे मोबाईलवर जुने टॅकल पाहून राहिले होते, त्यात इंग्लंडच्या टॉटनम क्लबचा डिफेंडर लेडली किंग याचा चेल्सीच्या रॉबेनवरचा तो टॅकल लागला आणि सगळे येडे झाले, मागे घेऊन घेऊन पाहिला. मी त्यांना सांगितलं की हा माणूस गुडघ्यापायी आठवडाभर टीमसोबत ट्रेनिंग करत नव्हता, डायरेक्ट मॅचच्या दिवशी उतरायचा.

आता झालं असं की आमच्यातलाच एक पोट्टा आहे, चांगला डिफेंडर आहे, त्याचा गुडघा बरेच दिवस झाले दुखून राहिला. त्याला बाहेर बसवलं तर म्हणते, सर किंग तर असाच खेळला नं. आणि इकडे ग्राउंडवरचे एक सिनियर म्हणतात की किंगचं नावच घेऊ नको, ज्याला उभ्या करिअरमध्ये पूर्ण सीझन फारसे मिळाले नाही तो कसला ग्रेट, पोट्ट्यांना इंग्लंडचे दुसरे डिफेंडर दाखव, टेरी दाखव, फर्डिनंड दाखव.

मला दोन गोष्टी पाहिजेत. एक म्हणजे तो खरंच ट्रेनिंगशिवाय कसा काय खेळायचा, आठवडाभर करायचा काय. दुसरं म्हणजे या पोट्ट्याला मी काय सांगू. ज्यांनी किंगला तेव्हा नीट फॉलो केलं त्यांनी जरा सविस्तर लिहा.

धंतोली_स्पर्स

भाऊ, मी टॉटनमचा, म्हणजे स्पर्सचा माणूस, हा विषय निघाला की मला राहवत नाही, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी हे लक्षात घ्या की किंग सुरुवातीपासून असा नव्हता. १९८० चा जन्म, ईस्ट लंडनमधल्या बो भागातला. लहानपणी सेनराब नावाच्या तिथल्या क्लबात खेळायचा, जॉन टेरी पण त्याच क्लबातून पुढे आला. मग टॉटनमची अकॅडमी, आणि मे १९९९ मध्ये अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलविरुद्ध पहिली मॅच. तेव्हा त्याला मिडफिल्डमध्ये पण खेळवायचे, कारण बॉल पायात आला की घाबरायचा नाही. डिसेंबर २००० मध्ये ब्रॅडफर्डच्या ग्राउंडवर किक ऑफ झाल्यावर १० सेकंदांच्या आत त्याने गोल मारला, प्रीमियर लीगमधला सगळ्यात फास्ट गोल होता तो, आणि २०१९ मध्ये शेन लाँगने मोडेपर्यंत कोणालाच जमलं नाही. एवढी वर्षं हा रेकॉर्ड एका डिफेंडरच्या नावावर होता बाप्पा!

२००१ मध्ये सोल कॅम्पबेल फोकटात आर्सेनलला निघून गेला, कॅप्टन होता आमचा, आणि गेला तो पण थेट शेजारच्या दुश्मनाकडे. टॉटनमवाले ते अजून विसरले नाहीत. डिफेन्सच्या मधोमध एवढा मोठा खड्डा पडला आणि तो भरायला विशीतला किंग उभा राहिला. पुढे २००५ मध्ये कॅप्टन पण झाला.

खेळायचा कसा ते सांगतो. युरो २००४, लिस्बन, फ्रान्सविरुद्ध इंग्लंडची पहिली मॅच. टेरी फिट नव्हता म्हणून किंगला कॅम्पबेलच्या बाजूला उतरवलं, समोर थिएरी हेन्री, तो पण त्या वर्षीचा हेन्री, आर्सेनलला एकही लीग मॅच न हरता चॅम्पियन करून आलेला. मॅच इंग्लंड हरली, झिदानने शेवटी दोन गोल मारले ते सगळ्यांना आठवते, पण एक फ्री किक, दुसरी पेनल्टी. चालत्या खेळात हेन्रीला किंगने काही करू दिलं नव्हतं. हेन्रीने पुढे स्वतः बोलून दाखवलं की धरपकड न करता बॉल काढून घेणारा डिफेंडर म्हणजे हा.

आता तुमचा तो रॉबेनवाला टॅकल. नोव्हेंबर २००६, व्हाइट हार्ट लेन, समोर मोरिन्होची चेल्सी. रॉबेन बॉल घेऊन एकटा निघाला, पुढे फक्त गोलकीपर पॉल रॉबिन्सन. किंग मागे. अंतर असं की भल्याभल्यांनी तिथे सोडून दिलं असतं किंवा शर्ट ओढून रेड कार्ड घेतलं असतं. पोट्ट्यांना म्हणा परत लावा आणि बॉलकडे नका पाहू, किंगचे हात पाहा. हात लावतच नाही तो. धावत राहते, धावत राहते, रॉबेन शॉट मारायच्या बेतात आला तेवढ्यात खाली सरकून एक पाय घालते आणि बॉल तेवढा बाजूला. रॉबेन पडला तरी रेफ्रीला शिट्टी वाजवायला काही उरलंच नाही. ती मॅच आम्ही २-१ जिंकली, लीगमध्ये चेल्सीला हरवायला आम्हाला १६ वर्षं लागली होती.

गुडघ्याचं सगळं हळूहळू होत गेलं. एप्रिल २००६ मध्ये पायाचं हाड मोडलं, वर्ल्ड कप गेला. मग डाव्या गुडघ्याने कायमचा त्रास दिला, आतलं कार्टिलेज संपलं, हाडावर हाड. मॅच खेळला की गुडघा सुजायचा आणि ती सूज उतरायलाच जवळपास आठवडा जायचा. म्हणजे सूज उतरली की पुढची मॅच दारात. हॅरी रेडनॅप २००८ मध्ये मॅनेजर म्हणून आला त्याने हिशोब सरळ ठेवला, ट्रेनिंग करून गुडघा घालवायचा त्यापेक्षा मॅचसाठी वाचवू. बाकी टीम ग्राउंडवर आणि किंग जिममध्ये नाहीतर स्विमिंग पूलमध्ये. लागोपाठच्या दोन मॅच त्याला सहसा द्यायचेच नाहीत.

आणि तसा असून काय केलं पाहा. फेब्रुवारी २००८, वेम्बली, लीग कपची फायनल चेल्सीविरुद्ध. त्या सीझनला लीगमध्ये तो जेमतेम काही मॅच खेळलेला. ड्रोग्बाने फ्री किकवर गोल मारला, बर्बातोव्हने पेनल्टीवर फेडला, एक्स्ट्रा टाइममध्ये वुडगेटच्या डोक्याला लागून दुसरा, २-१. किंग पूर्ण १२० मिनिटं उभा होता आणि कप उचलायला गेला तेव्हा रॉबी कीनला सोबत घेऊन दोघांनी उचलला. त्यानंतर टॉटनमला पुढची ट्रॉफी मिळाली ती थेट २०२५ मध्ये, युरोपा लीग. मधली १७ वर्षं आम्ही त्या एका फोटोवर काढली आहेत.

२००९-१० ला तो लीगच्या साधारण निम्म्याच मॅच खेळला, पण मे २०१० मध्ये मँचेस्टर सिटीच्या घरी जी मॅच चॅम्पियन्स लीगचं तिकीट ठरवणार होती त्यात तो होता. क्राउचने शेवटी शेवटी गोल मारला, १-०, चौथा नंबर आमचा. किंग आणि डॉसनने सिटीला आत येऊच दिलं नाही त्या रात्री.

जुलै २०१२ मध्ये रिटायर झाला, ३१ वर्षांचा. एकच क्लब, सगळ्या मिळून ३२३ मॅच.

आकडे_बोलतात

स्पर्सवाल्या भाऊचं प्रेम समजते, पण भावनेत वाहून जाऊ नका. रेशीमबाग भाऊच्या सिनियरचं म्हणणं चूक नाही आहे.

टेरी चेल्सीसाठी ७१७ मॅच, इंग्लंडसाठी ७८. कॅरागर लिव्हरपूलसाठी ७३७. फर्डिनंड इंग्लंडसाठी ८१, कॅम्पबेल ७३. किंग इंग्लंडसाठी २१. ट्रॉफी एक, ती पण लीग कप. डिफेंडरचं पहिलं काम काय तर दर आठवड्याला जागेवर उभं राहणं, कारण डिफेन्स चार जणांच्या सवयीने चालते, कोण केव्हा पुढे जाईल, ऑफसाइडची लाइन कोण ओढेल, हे सगळं रोजच्या सरावात बसते. तुमचा मधला माणूस एक शनिवार आहे आणि दुसऱ्या शनिवारी नाही तर बाजूच्याने काय करायचं? २०१० चा वर्ल्ड कप पाहा. फर्डिनंड तिथे गेल्यावर जखमी झाला म्हणून अमेरिकेविरुद्ध किंगला टेरीच्या बाजूला उतरवलं, हाफ टाइमला मांडीच्या सांध्यापायी बाहेर, कॅरागर आत. किंगचा वर्ल्ड कप तिथेच संपला, उभ्या करिअरमध्ये वर्ल्ड कपची तेवढी ४५ मिनिटं. आता टीममधली एक जागा अशा प्लेयरला द्यायची का, जो दुसऱ्या मॅचला असेल का याचीच गॅरंटी नाही?

मी असं नाही म्हणत की तो खराब होता. तो जबरा होता. पण ग्रेट हा शब्द मी जो टिकला त्याच्यासाठी राखून ठेवतो.

धंतोली_स्पर्स

आकडे भाऊ, डिफेन्सची सवय लागते हे शंभर टक्के मान्य. पण तुमचाच मुद्दा घेऊन बोलतो. सवय नाही, सराव नाही, बाजूला कधी डॉसन, कधी वुडगेट, कधी गॅलास, कधी काबूल, दर वेळेस जोडीदार बदललेला, आणि तरी ज्या दिवशी किंग आहे त्या दिवशी मागची लाइन शांत. याचा अर्थ त्याच्या डोक्यात खेळ किती पुढचा चालायचा ते बघा नं. दुसरा कोणी आठवडाभर सराव न करता प्रीमियर लीगमध्ये उतरला तर पहिल्या पंधरा मिनिटांत उघडा पडेल.

आणि टिकला म्हणजे काय? हाडावर हाड घासत असताना माणूस २०१२ पर्यंत टॉप लेव्हलला खेळला. २००६ मध्येच सोडलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं. मला तर हेच टिकणं वाटते.

आकडे_बोलतात

तसं असेल तर पॉल मॅकग्राला त्याच्या आधी ठेवा. आयर्लंडचा डिफेंडर, गुडघ्यांची ऑपरेशनवर ऑपरेशन, अ‍ॅस्टन व्हिलामध्ये तो पण ट्रेनिंग करत नव्हता, आणि १९९३ मध्ये इंग्लंडच्या सगळ्या प्लेयर लोकांनी त्याला वर्षातला बेस्ट प्लेयर निवडलं. वर्ल्ड कप पण दोन खेळला. गुडघा नसताना काय होऊ शकते ते त्याने दाखवलं.

धंतोली_स्पर्स

मॅकग्रासाठी कधीही उठून उभा राहीन, त्यात वादच नाही.

फिजिओ_वर्धारोड

तुमची किंग-टेरीची चर्चा वाचली, छान आहे, पण मूळ प्रश्नात एक लहान मुलगा आहे आणि त्याच्याबद्दल अजून कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, नागपुरातच प्रॅक्टिस करते, शाळेतले खेळाडू भरपूर येतात माझ्याकडे.

किंगचं काय झालं ते आधी साध्या भाषेत. आपल्याकडे लोक सरसकट "गादी झिजली" म्हणतात, पण गुडघ्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक मेनिस्कस, चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या, मांडीचं हाड आणि नळीचं हाड यांच्यामध्ये, त्या भार वाटून घेतात. दुसरं म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, खरं कार्टिलेज. या थराला रक्तपुरवठाच नसतो, म्हणून तो गेला की स्वतःहून नीट भरून येत नाही. मेनिस्कसला पण फक्त बाहेरच्या कडेला रक्त मिळतं, आतला भाग फाटला तर बऱ्याचदा कापून काढावा लागतो आणि मग हाडांवरचा भार वाढतो. थर गेलेल्या गुडघ्याने पळापळ केली की आत पाणी भरतं, सूज येते, आणि गुडघा सुजला की मांडीचा पुढचा स्नायू झोपतो. तो झोपला की प्रत्येक पावलाचा धक्का सरळ सांध्यावर. म्हणून त्याला पूल आणि जिम दिली होती, पाण्यात वजन जवळपास लागत नाही, दम टिकतो, स्नायू टिकतो आणि सांधा घासत नाही. ते लोक ट्रेनिंग बुडवत नव्हते, धावण्याचं ट्रेनिंग काढून त्या जागी दुसरं बसवलं होतं, रोज डॉक्टरच्या नजरेखाली. आणि तो मोठा माणूस होता, आपण पुढे काय किंमत देणार आहोत ते समजून त्याने ठरवलं.

आता तुमचा मुलगा. या वयात बहुतेक वेळा कार्टिलेजचा संबंध नसतो. वाटीच्या खाली, नळीच्या हाडाला समोरून जो उंचवटा लागतो, त्याच्यावर बोट ठेवून दाबलं की दुखतं का बघा. तिथेच दुखत असेल, उड्या मारल्या किंवा शॉट मारला की वाढत असेल, तर ऑसगुड-श्लॅटर असू शकतं. वाढीच्या वयात हाड भराभर वाढतं, मांडीचा स्नायू ओढून धरतो आणि तो उंचवटा सुजतो. घाबरायचं कारण नाही, वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं थांबतं, पण तोवर भार कमी करावा लागतो. पूर्ण बंद नाही, कमी. आणि आपली ग्राउंडं उन्हाळ्यात किती कडक होतात ते तुम्हाला माहीत आहे, मे महिन्यात त्यावर स्प्रिंट घेणं बंद करा.

पण गुडघा सुजत असेल, वाकवताना मध्येच अडकत असेल, चालता चालता दगा देत असेल किंवा रात्री झोपेत दुखत असेल तर घरी बसून अंदाज नको, हाडांच्या डॉक्टरकडे न्या. आणखी एक, या वयातल्या मुलांचा खुबा बिघडला तरी दुखतं गुडघ्यात, त्यामुळे मुलगा लंगडत असेल तर गुडघ्यासोबत खुबा पण तपासून घ्या. हे खूपदा सुटतं.

कामठीवाला_बॅक

ताईंनी सगळं सांगून टाकलं, मस्त. मी फक्त शिकवण्याचं बोलतो, कामठीत मी पण पोट्ट्यांसोबत असतो.

किंग दाखवाच, पण टॅकल नका दाखवू फक्त. आपल्याकडे काय होऊन राहिलं, पोट्ट्यांना वाटते डिफेंडर म्हणजे सरकून टॅकल मारणारा, आणि आपल्या ग्राउंडवर सरकलं की मांडी सोलून निघते, गुडघा जाते तो वेगळाच. किंग सरकायचा ते शेवटी, बाकी काहीच उरलं नाही तेव्हा. एरवी तो आधीच त्या जागेवर असायचा. त्याचे पिवळे कार्ड काढून पाहा, इतक्या वर्षांच्या मानाने नगण्य.

मी असं करतो, दोन विरुद्ध दोन, आणि डिफेंडरला टॅकल करायची परवानगीच नाही. पाय घातला की समोरच्याला पॉइंट. त्याने फक्त अंग आडवं लावायचं, कोन बंद करायचा, फॉरवर्डला त्याच्या कच्च्या पायावर न्यायचं आणि वाट पाहायची. सुरुवातीला पोट्टे वैतागतात, काऊन सर, बॉल तर माझ्याजवळून गेला. मग हळूहळू डोकं वर करून पाहायला लागतात की पास कुठे जाणार आहे. फरक तिथून पडते.

तुमच्या गुडघावाल्या पोट्ट्याला ग्राउंडच्या बाहेर नुसतं बसवू नका. लाइनीवर उभा करा आणि काम द्या, समोरच्या टीमचा पास निघायच्या आधी त्याने ओरडून सांगायचं की बॉल कोणाकडे जाणार. बरोबर निघाला की पॉइंट त्याचा. मोठ्या मॅचमध्ये किंगसारखे लोक हेच करतात, फक्त मनातल्या मनात.

आकडे_बोलतात

ही लाइनीवर उभं करायची आयडिया भारी आहे. रेशीमबाग भाऊ, पोट्ट्याला हे पण सांगा की किंगला ट्रेनिंग नको होतं असं नाही, त्याला मिळत नव्हतं. रोज टीमसोबत उतरता आलं असतं तर तो टेरीपेक्षा कमी मॅच खेळला नसता, हे मी आकडेवाला असून बोलून राहिलो.

रेशीमबाग_नंबर५

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

ताई, काल संध्याकाळी त्या पोट्ट्याला बसवून तुम्ही म्हणाल्या तसं वाटीच्या खालच्या उंचवट्यावर बोट ठेवलं, हळूच दाबलं तर पाय मागे घेतला त्याने. दोन्ही गुडघ्यांचा तो भाग ताडून पाहिला तर दुखरा जरा वर आलेला दिसते. बाकी सूज नाही, अडकत नाही, लंगडत पण नाही. तरी त्याच्या बाबांशी बोललो, ते डॉक्टरकडे नेऊन राहिले. तोपर्यंत स्प्रिंट आणि शॉट बंद.

त्याला मी सरळ सांगितलं, किंगकडे दुसरा गुडघा नव्हता म्हणून तो तसा खेळला, तुझा अजून नीट होण्यासारखा आहे. ऐकलं त्याने. आणि कामठीवाल्या भाऊचं लाइनीवरचं काम त्याला लगेच दिलं, पहिल्यांदा सगळे चुकीचे निघाले, मग आमच्या एका मिडफिल्डरची सवय त्याच्या लक्षात आली की तो पास द्यायच्या आधी खांदा वळवते. त्यानंतर त्या मिडफिल्डरचा एकही पास त्याने सोडला नाही, सगळे ओरडून सांगितले, तो पोट्टा चिडला शेवटी.

ताई, एक विचारायचं राहिलं. डॉक्टरने ऑसगुडच सांगितलं तर सायकल चालवू द्यायची का त्याला? घरून सायकलनेच येतो तो. आणि कामठीवाले भाऊ, ते दोन विरुद्ध दोन किती जागेत घेता तुम्ही?

फिजिओ_वर्धारोड

सपाट रस्त्यावर आरामात चालवत असेल तर सहसा चालते, फक्त सीट उंच करा म्हणजे गुडघा जास्त वाकणार नाही, आणि दुखलं की थांबायचं. उभं राहून पेडल मारायचं नाही. प्रॅक्टिसनंतर दहा-पंधरा मिनिटं कापडात गुंडाळून बर्फ. मांडीचं स्ट्रेचिंग डॉक्टरने तपासल्यावर सुरू करू, दुखणं जोरात असताना ओढाताण नको. डॉक्टर काय म्हणतात ते इथे टाका, पुढचे व्यायाम मी लिहून देते.

कामठीवाला_बॅक

लांबी वीस पावलं, रुंदी बारा-पंधरा, त्याच्यापेक्षा मोठं घेतलं तर फॉरवर्ड नुसता पळून जाते आणि डिफेंडरला शिकायला काही मिळत नाही. दीड मिनिट खेळवा, मग जोडी बदला. उन्हं उतरल्यावरच घ्या.